ऊर्जा-बचत चळवळ, ब्रिटनमधील

ऊर्जा-बचत चळवळ, ब्रिटनमधील : घरे उबदार ठेवण्यासाठी जाळले जाणारे इंधन वाया जाऊ नये व थोड्या इंधनात पुरेशी ऊब मिळावी, यासाठी ब्रिटनमध्ये १९७५ पासून स्वयंसेवी संघटनांनी आपल्या सदस्यांच्या साहाय्याने चालविलेली चळवळ. तिचा प्रारंभ ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ ह्या पर्यावरणवादी दबावगटाच्या स्थानिक शाखांनी केला. अणुविद्युत् केंद्रांची गरज नाही, हे सिद्ध करण्यासाठी मांडलेल्या युक्तिवादाचा एक भाग म्हणून ही चळवळ जन्मास आली. तथापि सदस्य प्रत्यक्ष घराघरांत काम करू लागल्यावर तिचा आशय बदलला. ऊर्जेच्या उधळपट्टीविरुद्ध सुरू झालेले कार्य पाच-सहा वर्षांतच थंडीत राहणाऱ्या निर्धन व वृद्ध माणसांना ऊब मिळवून देण्याचे कार्य झाले आणि त्यातूनच ‘इंधन-दारिद्र्य’ ही संकल्पना ब्रिटिश सामाजिक धोरणात रुजली.

पार्श्वभूमी : ब्रिटनचा हिवाळा स्कँडिनेव्हियातील देशांइतका कडक नसतो. बहुतेक भागांत जानेवारीचे सरासरी तपमान गोठणबिंदूच्या काही अंश वरच राहते. हवा मात्र दमट असते व थंडी सहा-सात महिने रेंगाळते. कडक हिवाळ्याच्या देशांत घराची बांधणीच थंडी रोखणारी असावी लागते. ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक व स्वस्त असल्याने तशी निकड कोणाला भासली नाही. प्रत्येक खोलीत भिंतीतील शेकोटी आणि तिच्यावर धुराडे, ही व्यवस्था शतकानुशतके चालू राहिली. अशा शेकोटीतील बरीचशी उष्णता धुराड्यावाटे निघून जाते व जळणाला लागणारी हवा दारे-खिडक्यांच्या फटींतून आत ओढली जाते. त्यामुळे शेकोटीसमोर बसणाऱ्याचे तोंड भाजते आणि पाठ गारठते.

पहिल्या महायुद्धापूर्वीच्या घरांच्या भिंती बहुधा भरीव विटांच्या असत. पुढे मध्ये सु. ५ सेंमी. पोकळी असलेल्या दुहेरी भिंतींची पद्धत रूढ झाली. पण ती पावसाची ओल आत येऊ नये म्हणून, उष्णता रोखण्यासाठी नव्हे. छप्पर उतरते, कौलांचे किंवा पाटीच्या दगडाचे असते. त्याच्या व खोल्यांच्या छताच्या दरम्यान एक मोकळा माळा राहतो. कोकणातील कौलारू घराच्या माळ्याशी त्याचे रूपसाम्य आहे. मात्र तेथे पाण्याची टाकी व अडगळ यांपलीकडे सहसा काही नसते. निरोधन नसलेल्या घरातील सु. चौथा हिस्सा उष्णता ह्या माळ्यातून व सु. तिसरा हिस्सा भिंतींतून बाहेर जाते. उरलेली खिडक्या, फटी व जमीन यांवाटे नष्ट होते. इंग्लंड व वेल्ससाठीच्या राष्ट्रीय बांधकाम-नियमांत उष्णतानिरोधनाची अट प्रथम १९६५ मध्ये आली व तीही अगदी माफक होती.

१९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पसरलेल्या विषारी धूरधुक्यात हजारो माणसे मरण पावली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्यानंतर शहरांतील कोळशाच्या शेकोट्या कमी होत गेल्या. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडल्यावर १९६७ ते १९७७ या काळात देशभरातील वायूची उपकरणे त्यासाठी बदलून घेण्यात आली. गरीब कुटुंबांच्या वाट्याला मात्र अनेकदा सर्वांत महागडे साधन आले. लंडनमधील रोनन पॉइंट ह्या नव्या उत्तुंग इमारतीचा एक कोपरा १६ मे १९६८ रोजी वायूच्या स्फोटाने कोसळला. तेव्हापासून नगरपालिकांच्या अनेक बहुमजली इमारतींतून वायू वर्ज्य झाला व तेथे विजेवर चालणारी तापनव्यवस्था बसविण्यात आली. पातळ काँक्रीटच्या भिंती व विजेवरील तापन, हे समीकरण वीज स्वस्त असेतो खपून गेले.

१९७३ च्या ऑक्टोबरातील अरब-इझ्राएल युद्धानंतर खनिज तेलाच्या किंमती चौपट झाल्या. त्याच हिवाळ्यात खाणकामगारांच्या आंदोलनामुळे कोळशाचा पुरवठा घटला आणि १९७४ च्या जानेवारी ते मार्चपर्यंत ब्रिटनमधील कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालविण्याची पाळी आली. सरकारने १९७४ च्या अखेरीस ‘सेव्ह इट’ ही जाहिरात-मोहीम घोषित केली व कार्यालये २०° से.हून अधिक तापविण्यावर बंदी घातली. दिवे मालवा, दारे लावून घ्या, अंगात आणखी एक लोकरी कपडा घाला, असा ह्या काळातील सरकारी उपदेशाचा साधारण सूर होता. बचत म्हणजे सोसणे, असेच त्यात गृहीत धरलेले होते. ज्यांच्या घरात आधीच एकच शेकोटी पेटत होती, त्यांना ह्या उपदेशाचा काहीच उपयोग नव्हता.

फ्रेंड्स ऑफ द अर्थ : अमेरिकन निसर्गरक्षक डेव्हिड ब्राउअर (१९१२–२०००) यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या ह्या संघटनेची ब्रिटिश शाखा १९७१ मध्ये कार्य करू लागली. परत न घेतल्या जाणाऱ्या काचेच्या बाटल्या श्वेप्स ह्या पेय-उत्पादक कंपनीच्या लंडनमधील दारात नेऊन रचून ठेवणे, हा तिचा पहिला गाजलेला कार्यक्रम. वृत्तपत्रांचे लक्ष वेधण्याच्या ह्या कौशल्याबरोबरच तिचे दुसरे बलस्थान म्हणजे गावोगावी निर्माण झालेले स्थानिक गट. ते आपापला पैसा उभारीत व आपला कार्यक्रम बव्हंशी स्वतःच ठरवीत. लंडनचे मध्यवर्ती कार्यालय संशोधन, प्रसिद्धी व संसदेशी संपर्क ही कामे पाही. केंद्र व शाखा यांच्या ह्या सैल बांधणीमुळेच पुढील घटना घडून आल्या, असे म्हणता येईल.

संघटनेच्या ऊर्जाविषयक विचारांना आकार देण्यात अमेरिकन भौतिकीविज्ञ ॲमरी लव्हिन्झ (१९४७– ) यांचा मोठा वाटा होता. ते त्या काळी संघटनेचे ब्रिटनमधील प्रतिनिधी होते. माणसाला वीज किंवा तेल हवे नसते, तर उबदार खोली, गरम पाणी व उजेड हवा असतो. तेव्हा विचार गरजेपासून सुरू करावा, इंधनापासून नव्हे, अशी त्यांची मांडणी होती. १९७६ च्या ऑक्टोबरात फॉरिन अफेअर्स ह्या नियतकालिकातील लेखात त्यांनी मोठ्या केंद्रीभूत विद्युत् केंद्रांचा ‘कठोर’ मार्ग व कार्यक्षम वापर आणि पुनर्निर्मितिक्षम साधने यांचा ‘मृदू’ मार्ग असा भेद केला. ब्रिटनमध्ये ह्या विचाराला तातडीचा संदर्भ होता. ऊर्जेची मागणी वाढतच जाणार, हे गृहीत धरून सरकारी यंत्रणा अणुकेंद्रांच्या योजना आखीत होत्या. विंडस्केल येथील अणुइंधन-पुनःप्रक्रिया प्रकल्पाच्या विस्ताराविषयी न्यायमूर्ती पार्कर यांच्यापुढे १९७७ मध्ये शंभर दिवस जाहीर चौकशी चालली. तीत फ्रेंड्स ऑफ द अर्थने विरोधी बाजू सविस्तर मांडली. निर्णय प्रकल्पाच्या बाजूने लागला. १९७९ मध्ये जेरल्ड लीच व त्यांचे सहकारी यांनी ब्रिटनच्या अल्प-ऊर्जा धोरणाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. देशाची समृद्धी वाढत राहूनही ऊर्जेचा एकूण वापर वाढण्याची आवश्यकता नाही, हे त्यात एकेका उपयोगाचा हिशेब करून दाखविले होते. तेव्हा हे अनेक तज्ञांना स्वप्नरंजन वाटले. परंतु एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रिटनचा प्राथमिक ऊर्जेचा वापर १९७० च्या पातळीखाली आला. अवजड उद्योगांचा ऱ्हास हेही त्याचे एक मोठे कारण आहे, हे विसरता येत नाही.

डरॅम येथील प्रारंभ : चौकशी-मंडळापुढे आकडे मांडणे आणि प्रत्यक्षात एखाद्या घराचे इंधन वाचविणे, ह्या दोन भिन्न गोष्टी होत. दुसऱ्या गोष्टीस १९७५ मध्ये ईशान्य इंग्लंडमधील डरॅम येथील स्थानिक गटाने हात घातला. त्याच वर्षी सरकारच्या मनुष्यबळ सेवा आयोगाने बेकारांसाठी रोजगार-निर्मितीची योजना सुरू केली होती. समाजोपयोगी काम सुचविणाऱ्या संस्थेला त्या कामावरील बेकार तरुणांचे वेतन सरकारकडून मिळे. ह्या योजनेखाली वृद्ध व अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या घरांचे उष्णतानिरोधन करण्याचे काम गटाने अंगावर घेतले. मजुरी सरकारची, सामग्रीचा खर्च अन्य मार्गांनी उभा केलेला आणि योजना, देखरेख व घरोघरचा संपर्क गटाच्या सदस्यांचा, अशी ही वाटणी होती. बेकारी, इंधनाची नासाडी आणि वृद्धांचे हाल ह्या तीन प्रश्नांना एकाच कामाने स्पर्श करण्याची ही कल्पना साधी, पण फलदायी ठरली.

डरॅम हा कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेला परगणा. निवृत्त खाणकामगारांना राष्ट्रीय कोळसा मंडळाकडून सवलतीचा कोळसा मिळे. त्यांच्या शेजाऱ्यांना तो मिळत नसे. ज्या गावांखालून शतकभर देशाचे इंधन काढले गेले, त्याच गावांत माणसे थंडीत बसलेली आढळावीत, हा विरोधाभास तेथे काम करणाऱ्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

कामाचे स्वरूप असे : प्रथम माळ्यावरील अडगळ खाली उतरवावयाची. तुळयांच्या दरम्यान काचतंतूंच्या गाद्या अंथरावयाच्या. हे तंतू त्वचेला खाज आणतात व श्वासात गेल्यास त्रास देतात. म्हणून हातमोजे व मुखपट्टी आवश्यक असते. पाण्याच्या टाकीखालची जागा मात्र मोकळी सोडावी लागते. कारण निरोधनानंतर खालची ऊब वर येत नाही, माळा पूर्वीपेक्षा थंड होतो व टाकी आणि नळ गोठून फुटण्याचा धोका वाढतो. त्यासाठी टाकीला वरून व बाजूंनी आच्छादन घालून नळांभोवतीही वेष्टन गुंडाळतात. छपराच्या कडेने वारा खेळता ठेवावा लागतो, नाहीतर बाष्प साचून लाकूड कुजते. याशिवाय गरम पाण्याच्या पिंपाला जाड वेष्टन चढविणे व दारे-खिडक्यांच्या फटींना पट्ट्या लावणे, ही कामे असत. लहान घराचे काम थोड्या वेळात पुरे होई व त्यासाठी विशेष कौशल्य लागत नसे. तरीही ऐंशीच्या घरातील एकट्या वृद्धेला शिडीवर चढून अडगळ काढणे अशक्यच होते. इंधनबचतीच्या सरकारी प्रचारात ह्या शिडीचा विचार कोणी केलेला नव्हता.

सदस्यांना घरांत जे दिसले, ते त्यांच्या मूळ युक्तिवादात कोठेही बसत नव्हते. ऊर्जेची उधळपट्टी करणारा ग्राहक तेथे नव्हता. एका खोलीत बिछाना हलवून उरलेले घर बंद केलेली, शिक्क्याच्या मीटरमध्ये नाणी मोजून टाकणारी, दुपारपर्यंत शेकोटी न पेटविणारी माणसे होती. भिंतींवर ओल व बुरशी होती. याच सुमारास मॅल्कम विक्स (१९४७–२०१२) यांचा ओल्ड अँड कोल्ड हा ग्रंथ प्रसिद्ध झाला (१९७८). १९७२ च्या हिवाळ्यात वृद्धांच्या घरांची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिचा आधार त्यास होता. बहुसंख्य वृद्धांच्या बैठकीच्या खोल्या सकाळी आरोग्यदृष्ट्या योग्य मानलेल्या तपमानापेक्षा थंड असल्याचे तीत आढळले होते. विक्स हे पुढे संसद-सदस्य व ब्रिटनचे ऊर्जामंत्री झाले. त्यांच्या मंत्रिपदाच्या काळाचा उल्लेख पुढे येणार आहे.

बचत की ऊब : निरोधनानंतर घरमालकाचे इंधन-देयक हिशेबाप्रमाणे उतरावे, ही अपेक्षा होती. गरीब घरांत ते तितके उतरले नाही. पूर्वी जेवढे पैसे इंधनावर खर्च होत, जवळजवळ तेवढेच पुढेही होत. परंतु त्याच पैशात खोली दोन-तीन अंशांनी अधिक उबदार राही किंवा बंद केलेली दुसरी खोली वापरात येई. ऊर्जेच्या ताळेबंदात हे अपयश ठरते. गटाने केवळ इंधनाचे टन मोजावयाचे ठरविले असते, तर हे काम थांबवून सुखवस्तू वस्तीतील मोठी घरे हाती घेणे अधिक तर्कशुद्ध झाले असते. चळवळीतील कार्यकर्त्यांनी तसे केले नाही. मिळालेली ऊब ही कार्यक्षमतेचीच निष्पत्ती होय, अशी भूमिका त्यांनी घेतली व तीच पुढे चळवळीचे वैशिष्ट्य ठरली.

ह्या प्रश्नाला ब्रिटनमध्ये जुनी परंपरा आहे. अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्झ (१८३५–८२) यांनी द कोल क्वेश्चन (१८६५) ह्या ग्रंथात दाखविले होते, की वाफयंत्रे अधिक कार्यक्षम झाल्याने कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. ब्रिटिश अणुऊर्जा प्राधिकरणाचे अर्थशास्त्रज्ञ लेनर्ड ब्रुक्स यांनी १९७० नंतर हाच मुद्दा पुढे आणून कार्यक्षमतेने राष्ट्रीय मागणी घटणार नाही, असे प्रतिपादन केले. अणुविद्युत् केंद्रांच्या समर्थकांना तो सोयीचा होता हे खरे; म्हणून तो चुकीचा ठरत नाही. मात्र गरीब घरांच्या बाबतीत त्याचा अर्थ निराळा होतो. खोली १४° से.वरून १८° से.वर नेणारी वृद्धा अधिक उपभोग घेत असते, असे अर्थशास्त्राच्या परिभाषेत म्हणता येईल. वैद्यकाच्या दृष्टीने ती आजार टाळत असते. जेफ्री मिल्न व ब्रेंडा बोर्डमन यांनी २००० मध्ये अनेक प्रकल्पांची मापने एकत्र करून निष्कर्ष काढला, की मूळ तपमान १६·५° से.च्या आसपास असलेल्या घरांत निरोधनाच्या लाभापैकी सु. ३०% भाग वाढीव उबेच्या रूपाने घेतला जातो. घर याहून थंड असेल, तर हे प्रमाण वाढते. घर पुरेसे उबदार झाले, की ते घटत जाते. म्हणजे हा ‘अपव्यय’ अमर्याद नाही. माणसे पुरेशी ऊब मिळेपर्यंतच ती घेतात.

प्रसार व आर्थिक आधार : डरॅमच्या उदाहरणावरून अन्य शहरांतही असे प्रकल्प निघाले. काही फ्रेंड्स ऑफ द अर्थच्या गटांनी, तर काही वृद्धांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी व नगरपालिकांनी चालविले. लेबर पक्षाच्या सरकारने १९७८ मध्ये गृह-उष्णतानिरोधन अधिनियम संमत करून माळ्याच्या निरोधनासाठी खर्चाच्या ६६%, परंतु कमाल ५० पौंड, इतके अनुदान देऊ केले. उरलेला तिसरा हिस्सा मालकाने भरावयाचा असल्याने आणि अर्ज, मंजुरी व काम अशी क्रमवारी पाळावी लागत असल्याने ते गरिबांपर्यंत फारसे पोहोचले नाही. पुढे गरजू वृद्धांसाठी अनुदानाचे प्रमाण वाढविण्यात आले. दरम्यान स्थानिक प्रकल्पांनी अर्ज भरून देणे, पदरचा हिस्सा कोठून तरी मिळविणे व माणसे पाठविणे, ही मधली कडी पुरविली. ती नसती, तर अधिनियमाचा लाभ ज्यांना स्वतः अर्ज करता येतो त्यांच्यापुरताच राहिला असता.

विखुरलेल्या ह्या प्रकल्पांना एकत्र आणण्यासाठी १९८१ मध्ये न्यूकॅसल येथे ‘नेबरहुड एनर्जी ॲक्शन’ ही संस्था स्थापन झाली (हिचेच पुढे ‘नॅशनल एनर्जी ॲक्शन’ असे नामांतर झाले). त्याच वर्षी निरोधन-सामग्रीच्या उद्योगांच्या आधाराने ‘असोसिएशन फॉर द कॉन्झर्व्हेशन ऑफ एनर्जी’ ही निराळ्या स्वरूपाची संस्था निघाली. तिचे कार्य मुख्यतः संसद व मंत्रालये यांच्याशी होते. अशा प्रकारे ध्येयवादी सदस्य, समाजसेवी संस्था व व्यापारी हितसंबंध हे तिन्ही एकाच मागणीच्या मागे उभे राहिले. ह्या युतीकडे काहींनी संशयाने पाहिले. परंतु तिच्यावाचून पुढील कायदे झाले असते, असे वाटत नाही.

स्थानिक प्रकल्पांचा पाया मात्र ठिसूळ होता. मजुरी बेकारांसाठीच्या योजनांतून, तर फटी बुजविण्याच्या सामग्रीचा खर्च निर्वाहभत्ता घेणाऱ्यांना मिळणाऱ्या एकरकमी साहाय्यातून येई. १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘कम्युनिटी प्रोग्रॅम’ या योजनेखाली एका कामगारास जास्तीत जास्त एक वर्ष ठेवता येत असे. काम शिकून माणूस तयार झाला, की त्याला जावे लागे. असे असूनही १९८५ च्या सुमारास देशात शेकडो प्रकल्प चालू होते. १९८८ मध्ये ही दोन्ही साधने एकाच वर्षी नाहीशी झाली. सामाजिक सुरक्षेच्या पुनर्रचनेत एकरकमी साहाय्य बंद झाले आणि कम्युनिटी प्रोग्रॅमच्या जागी प्रशिक्षणावर भर देणारी योजना आली. अनेक प्रकल्प मोडले. ज्या खात्यांच्या पैशावर चळवळ उभी होती, त्यांपैकी एकाचेही ऊर्जा-बचत हे उद्दिष्ट नव्हते, ही गोष्ट ह्या वेळी उघड झाली. १९८३ मध्ये पीटर वॉकर हे ऊर्जामंत्री असताना स्थापन झालेल्या ऊर्जा-कार्यक्षमता कार्यालयाने १९८६ मध्ये जाहिरातींची मोठी मोहीम काढली होती. परंतु कार्यक्षमता ही ग्राहकाने स्वहितासाठी बाजारात करावयाची खरेदी होय, हीच त्या सरकारची मूळ धारणा होती. अखेर १९९१ मध्ये अल्प उत्पन्नाच्या घरांसाठी स्वतंत्र अनुदान-योजना सुरू झाली. तिचे व्यवस्थापन न्यूकॅसलमध्येच निर्माण झालेल्या ‘ईगा’ ह्या संस्थेकडे आले.

कायद्यासाठी प्रयत्न : १९९१ मध्ये ब्रेंडा बोर्डमन यांचा फ्युएल पॉव्हर्टी हा ग्रंथ प्रकाशित झाला. घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या १०% हून अधिक खर्च करावा लागेल, ते इंधन-दरिद्री, अशी व्याख्या त्यातून रूढ झाली. साधे दारिद्र्य रोख साहाय्याने हलके करता येते. इंधन-दारिद्र्याचे मूळ मात्र घराच्या बांधणीत असते, म्हणून ते घरच सुधारल्यावाचून जात नाही, हे बोर्डमन यांचे प्रतिपादन होते. माळ्यांवर काम करणाऱ्यांना जे अनुभवाने कळले होते, त्यास यातून शास्त्रीय रूप मिळाले.

१९९३ च्या अर्थसंकल्पात घरगुती इंधनावर मूल्यवर्धित कर घोषित झाला. तो एप्रिल १९९४ पासून ८% दराने लागू झाला. तो १७·५% वर नेण्याचा प्रस्ताव डिसेंबर १९९४ मध्ये कॉमन्स सभेने फेटाळला व १९९७ मध्ये दर ५% वर आला. पर्यावरणवाद्यांची ह्या प्रसंगी मोठी कोंडी झाली. इंधन महाग झाले तर वापर घटतो, हे त्यांचेच तत्त्व होते. पण तो कोणाचा घटणार, हेही त्यांना आता ठाऊक होते. कराआधी घरे दुरुस्त करा, ही मागणी त्यातून पुढे आली. फ्रेंड्स ऑफ द अर्थचे स्थानिक गट व अन्य संघटना यांनी आपापल्या मतदारसंघातील संसद-सदस्यांना गाठून पाठिंबा मिळविला. ह्या प्रयत्नांतून १९९५ चा गृह-ऊर्जा संधारण अधिनियम अशासकीय विधेयकाच्या मार्गाने संमत झाला. ते विधेयक लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या डायना मॅडॉक यांनी मांडले होते. त्यान्वये प्रत्येक स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणाने आपल्या क्षेत्रातील सर्व घरांच्या ऊर्जा-कार्यक्षमतेत लक्षणीय वाढ करण्याचे उपाय निश्चित करून अहवाल द्यावयाचा होता व ३०% सुधारणा हे मार्गदर्शक लक्ष्य ठरले. उपायांसाठी निधी मात्र अधिनियमाने दिला नाही. काही नगरपालिकांनी उत्साहाने काम केले, तर अनेकांनी अहवालच तेवढे पाठविले.

दुसरा अधिनियम २००० मध्ये, हुजूर पक्षाचे डेव्हिड एमेस (१९५२–२०२१) यांच्या अशासकीय विधेयकावरून झाला. वाजवीपणे शक्य असेल तेथवर निश्चित मुदतीत कोणीही इंधन-दारिद्र्यात राहू नये, असे धोरण आखण्याचे बंधन त्याने सरकारवर घातले. २००१ च्या धोरणानुसार दुर्बल कुटुंबांसाठी २०१० व इंग्लंडमधील सर्वांसाठी २०१६ ही मुदत ठरली. प्रारंभी यश दिसले. संयुक्त राज्यातील इंधन-दरिद्री कुटुंबे १९९६ मध्ये सु. ६५ लाख होती. २००४ मध्ये ती सु. २० लाखांवर आली. त्यात इंधनाच्या उतरत्या किंमतींचा व वाढत्या उत्पन्नाचा वाटा निरोधनाहून मोठा होता, हे किंमती चढू लागताच कळून आले. २००८ मध्ये संख्या पुन्हा सु. ४५ लाखांवर गेली.

तेव्हा फ्रेंड्स ऑफ द अर्थने ‘हेल्प द एज्ड’ ह्या वृद्धांच्या संघटनेसह सरकारविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. तीस वर्षांपूर्वी वृद्धांच्या थंड घरांवर ग्रंथ लिहिणारे विक्स २००७ ते ऑक्टोबर २००८ या काळात ऊर्जामंत्री होते. खटला त्यांच्याच मंत्रालयाच्या विरुद्ध होता. अधिनियमातील लक्ष्य गाठणे हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य आहे की तसा प्रयत्न करणे एवढेच, हा वादाचा मुद्दा होता. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००८ मध्ये व अपील न्यायालयाने जुलै २००९ मध्ये सरकारच्या बाजूने निर्णय दिला. प्रयत्नाचे बंधन आहे, फलप्राप्तीची हमी नाही आणि प्रयत्न करताना उपलब्ध निधीचा विचार सरकारला करता येतो, असा त्याचा आशय होता. विधेयकाच्या मसुद्यात ज्या ‘वाजवीपणे शक्य’ ह्या शब्दांमुळे ते संमत होणे सुकर झाले, तेच शब्द येथे निर्णायक ठरले.

२०१० ची मुदत साधली नाही. २०१३ मध्ये इंग्लंडपुरती इंधन-दारिद्र्याची व्याख्याच बदलण्यात आली व दरिद्री कुटुंबांची गणना त्यामुळे घटली. वीज व वायू कंपन्यांवर टाकलेली निरोधनाची जुनी जबाबदारी २०१२ च्या अखेरीस संपली. तिच्या जागी आलेली ‘ग्रीन डील’ ही कर्जाधारित योजना २०१५ मध्ये गुंडाळावी लागली. ह्या बदलात माळे व पोकळ भिंती यांच्या निरोधनाचे काम एकदम घसरले. ईगा ही संस्था २००७ मध्ये भागबाजारात उतरली होती. २०११ मध्ये ती ‘कॅरिलियन’ ह्या बांधकाम कंपनीने विकत घेतली आणि जानेवारी २०१८ मध्ये ती कंपनीही दिवाळखोरीत गेली. २०२१ मध्ये ‘इन्स्युलेट ब्रिटन’ ह्या नव्या गटाने घरांच्या निरोधनाच्या मागणीसाठी लंडनभोवतालचा द्रुतगती मार्ग अडविला व त्याच्या अनेक कार्यकर्त्यांना तुरुंगवास झाला. पुढील वर्षी युक्रेन-युद्धामुळे वायूचे भाव भडकले. त्या हिवाळ्यापूर्वी फ्रेंड्स ऑफ द अर्थने उबदार घरांसाठी नवी मोहीम सुरू केली आणि तिचे काम पुन्हा स्थानिक गटांवर सोपविले.